काढ्याने आईचं लिव्हर बिघडलं, आता समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल देऊ का?

खाडीकाठचा, ऐरोली

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आई ६७ वर्षांची. साखर नाही, दारूचा प्रश्नच नाही, बीपीची एक गोळी गेली नऊ वर्षं. कोरोनात आमच्या अख्ख्या सोसायटीने गुळवेलीचा काढा सुरू केला. बाकीच्यांनी पुढे सोडला, आईने नाही. बाल्कनीच्या ग्रिलवर वेल चढवलीय, रोज सकाळी बोटभर कांडी ठेचून उकळायची. मार्चपासून गुडघ्यांसाठी हळद आणि काळ्या मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल, दिवसाला दोन. आणि जूनपासून मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधल्या कुणीतरी आणून दिलेल्या सांधेदुखीच्या पुड्या. कागदात बांधलेल्या, वर काही लिहिलेलं नाही. त्यांनी गुडघा खरंच हलका झाला, हे आई आजही सांगते.

गणपतीच्या आठवडाभर आधीपासून तिला जेवण जाईना. मोदकांचं सारण परतायला बसली आणि वासानेच उठून गेली. आई सारण अर्धवट टाकून उठली, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. मग लघवी गर्द पिवळी, रात्रभर खाज. विसर्जनाच्या दिवशी धाकटा भाऊ म्हणाला, आईचे डोळे बघ.

रिपोर्ट: लिव्हरची एन्झाइम्स एसजीपीटी ९१२, एसजीओटी ७४०, अल्कलाइन फॉस्फेटेज १६८, कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ४.८, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर १.२. कावीळ ए, बी, सी, ई सगळ्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडा वगैरे नाही. ठाण्यातल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी काढा, कॅप्सूल, पुड्या त्याच दिवशी बंद केलं. दर चार दिवसांनी रक्त तपासायचं. औषध जवळपास काहीच नाही, आणि हेच आईला पटत नाहीये. "एवढी फी घेतली आणि हातात काही दिलं नाही."

आता मुद्दा. कोपरखैरण्याची माझी मावसवहिनी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल विकते. फ्यूकोइडन आणि अस्टॅक्सँथिन, ६० कॅप्सूल, घरच्यांसाठी ३,२०० रुपये. तिने मला शोधनिबंधही पाठवला, खरा आहे, त्यात उंदरांचं लिव्हर वाचलेलं दिसतंय. तिचं म्हणणं, झाडपाल्याने बिघडलेलं लिव्हर समुद्रातल्या गोष्टींनी सुधारतं. आई तर एका पायावर तयार. म्हणते, समुद्रातलं आहे, त्यात कसलं विष? मी म्हटलं, आई, गुळवेलीबद्दलही तू हेच म्हणालेलीस.

डॉक्टरांची पुढची भेट सोमवारी. तोवर बाटली फ्रिजवर आहे आणि घरात रोज भांडण. कुणाला ह्यातलं कळतं का?


जाळंवाला, दिवा कोळीवाडा

शेजारी आहात म्हणून लिहितो. आमच्याकडे जाळ्यात शेवाळ आलं तर शिव्या देऊन झटकतात. खाडीतले फ्लेमिंगो मात्र आवडीने खातात आणि गुलाबी होतात. आईंना गुलाबी करायचंय का?

मस्करी सोडा. डॉक्टरने सगळं बंद केलंय ना? मग बंद म्हणजे बंद. ३,२०० रुपयांत महिनाभर चांगली मासळी येईल, ती बऱ्या झाल्यावर.


पिंजरेवाली, नौपाडा

आधी स्पष्ट सांगते, मी डॉक्टर नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत २४ वर्षं प्राण्यांवरच्या चाचण्यांचं काम केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पिंजऱ्यातल्या भुशाचा वास अजून नाकातून जात नाही. तुमच्या वहिनींनी पाठवलाय तसले प्रयोग मी ह्या हातांनी केलेत, म्हणून बोलते.

प्रयोग असा असतो. विस्टार नावाच्या प्रयोगशाळेतल्या जातीचे पांढरे उंदीर, सहा-सहाचे गट. एका गटाला नुसतं पाणी. एकाला नुसतं विष. एकाला तुलनेसाठी सिलिमरिन, म्हणजे लिव्हरसाठी आधीपासून वापरात असलेलं औषध. बाकीच्यांना जे तपासायचंय ते, कमी, मध्यम आणि जास्त मात्रेत, आठवडा-दोन आठवडे रोज सकाळी नळीने पोटात. मग शेवटी विष, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड नाहीतर पॅरासिटामॉलचा दांडगा डोस. दुसऱ्या दिवशी रक्त घ्यायचं, लिव्हर काढून फॉर्मलिनमध्ये टाकायचं. आता ह्यातला क्रम बघा. औषध आधी, विष नंतर. छत्री उघडून झाली, की मग आम्ही पाऊस पाडायचो. तुमच्या आई भिजून घरी आल्यात. आता छत्री उघडून काय करणार?

दुसरी गोष्ट विषाची. पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरमध्ये त्याचा एक जहाल तुकडा तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचं लिव्हरमधलंच संरक्षक द्रव्य त्याला बांधून टाकतं. ग्लुटाथायोनचा साठा संपला, की पेशी मरायला लागतात. किती डोस दिला की किती लिव्हर जाणार, हे आम्ही आदल्या दिवशी सांगू शकायचो. अशा ठिकाणी कुठलंही बऱ्यापैकी अँटिऑक्सिडंट दिलं तर एसजीपीटी उतरतं. आमच्याकडे थट्टेने म्हणायचे, शेवग्याचा पाला दे नाहीतर चहाचा चोथा दे, आकडा खालीच येणार. शेवाळाने तो उतरतो ह्यात खोटं काही नाही. फ्यूकोइडनचं हे काम उंदरांवर झालेलं आहे, प्रामाणिकपणे झालेलं आहे.

झाडपाल्यातही अशी हिशेबाने मारणारी विषं आहेत. १९७०च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात गोंदली नावाच्या भरडधान्यात खुळखुळा नावाच्या रानटी झाडाच्या बिया मिसळल्या गेल्या. खाणाऱ्यांच्या लिव्हरमधल्या बारीक शिरा बुजल्या, पोटात पाणी झालं, माणसं गेली. ते विष जो खाईल त्याला बाधणार. पण गुळवेल किंवा हळदीच्या अर्काचं तसं नाही. हजारो लोक पितात, त्यांना काही होत नाही, आणि एखाद्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत गुळवेल घेणारे असे सहा रुग्ण पाहिले आणि पुढच्या वर्षी छापले. ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, म्हणजे प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते त्या आजारासारखं चित्र होतं. हळदीचं बघायचं तर अमेरिकेतल्या २०२२ च्या अभ्यासात लिव्हर बिघडलेल्या दहा जणांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्कालाही हाच प्रकार चिकटलेला आहे. एचएलए म्हणजे आपलं कोण, परकं कोण हे प्रतिकारशक्तीला ओळखायला लावणारी जनुकं, आणि हा माणसाचा मामला. माझ्या पिंजऱ्यातल्या उंदराला तो नसतो. म्हणजे तुमच्या आईंना जो आजार झालाय असं वाटतंय, तो त्या निबंधातल्या उंदरांना झालेलाच नव्हता.

काळ्या मिरीचं तर वेगळंच. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि लिव्हर ते पटापट बाहेर काढतं. कॅप्सूलवाले मिरीतलं पिपरीन घालून ही काढण्याची वाट अडवतात. २० मिलिग्रॅम पिपरीनने माणसात कर्क्युमिनचं शोषण वीस पटींनी वाढल्याचं १९९८ मध्येच छापून आलंय. डब्यावर हे जाहिरात म्हणून लिहितात. भाजीतल्या चिमूटभर हळदीशी ह्याचा काही संबंध राहत नाही. आणि वाट अडवली ती एकट्या कर्क्युमिनची नव्हे, बाकीची औषधंही त्याच वाटेने जातात. बीपीच्या गोळीचं नाव डॉक्टरांना पुन्हा एकदा सांगा.

आता बाटलीत काय आहे ते. फ्यूकोइडन म्हणजे तपकिरी शेवाळातली गंधकाचे गट लागलेली लांबलचक साखर. १९१३ मध्ये क्यूलिन नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पहिल्यांदा वेगळी केली. आपल्या कोकणात मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर जे सारगॅसम वाढतं त्यातही असते. पण कुठलं शेवाळ, कुठल्या महिन्यात काढलं, कसं धुतलं, ह्यावर साखळीची लांबी आणि गंधकाचं प्रमाण बदलतं. दोन बाटल्यांवर फ्यूकोइडन लिहिलेलं असलं तरी आत एकच पदार्थ असेल असं नाही. आमच्याकडे अशी बॅच आली असती तर पहिल्याच दिवशी परत पाठवली असती.

आणि ही साखर थोडी हेपारिन ह्या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधासारखी वागते, रक्त गोठू देत नाही. गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं. तुमच्या आईंचा आयएनआर १.२ आहे, सध्या ठीक. पण नेमक्या ज्या आकड्यावर डॉक्टर डोळा ठेवून बसलेत, त्याच्याशी खेळणारी वस्तू आत्ता द्यायची? शिवाय तपकिरी शेवाळात आयोडीन वाटेल तेवढं असतं. थायरॉइडचा त्रास असेल तर आणखी एक कटकट.

अस्टॅक्सँथिन लाल रंगाचं, झिंग्यात असतं. जाळंवाले दादांनी फ्लेमिंगोची मस्करी केली, पण ती बरोबर आहे, तो गुलाबी रंग ह्याच भावकीतला. गंमत म्हणजे पोटात घ्यायच्या कॅप्सूलमधलं नैसर्गिक अस्टॅक्सँथिन बहुतेक हिमॅटोकॉकस नावाच्या शेवाळातून काढतात, आणि ते गोड्या पाण्यातलं. समुद्र फक्त लेबलवर.

समुद्रातून औषधं निघत नाहीत असं मी म्हणत नाहीये. कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजवरून सुचलेलं सायटॅराबीन १९६९ पासून रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात. शंखातल्या गोगलगायीच्या विषावरून केलेलं झायकोनोटाइड २००४ मध्ये दुखण्यावर मंजूर झालं. ट्रॅबेक्टेडिन हे कॅन्सरचं औषध आलं समुद्रपिचकारी नावाच्या समुद्री जीवातून, आणि ते स्वतःच लिव्हरची एन्झाइम्स चढवतं. समुद्रातलं आहे म्हणून लिव्हर त्याला सोडत नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने शेवाळापासून फॅटी लिव्हरसाठी उत्पादन काढलंय, वहिनी तेही दाखवतील. फॅटी लिव्हर वेगळं, हे वेगळं.

तुलनेला एनएसी घ्या. एन-असिटिलसिस्टीन, ग्लुटाथायोनचा कच्चा माल. त्याचीही सुरुवात प्रयोगशाळेतच, पण पुढे पॅरासिटामॉल सोडून इतर कारणांनी लिव्हर एकदम बंद पडलेल्या १७३ माणसांवर चाचणी झाली, २००९ मध्ये छापली. ज्यांची शुद्ध अजून फार हरपली नव्हती त्यांना फायदा झाला, उशीर झालेल्यांना नाही. मला अशी चाचणी मान्य आहे. कुणाला कधी द्यायचं हे त्यातून कळतं. आईंना लागलं तर डॉक्टर देतील.

तुमचे आकडे मी कागदावर मांडले. नॉर्मलची वरची हद्द एसजीपीटीला ४० आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला १२० धरली, तर पहिलं जवळपास २३ पट, दुसरं १.४ पट. भागाकार १६. पाचाच्या वर गेला की मार पेशींवर आहे, पित्ताच्या वाटेवर नाही. आणि एसजीपीटी तिपटीच्या वर आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर एकाच वेळी गेलं, की आमच्या क्षेत्रात हायचा नियम म्हणतात. औषधाने असं झालेल्या साधारण दहातल्या एकाला जीवाचा धोका असतो किंवा लिव्हर बदलायची पाळी येते. घाबरवायला लिहीत नाहीये. रोजचं भांडण थांबवायला लिहितेय. दहातले नऊ बरे होतात ते विष थांबवल्यामुळे. डॉक्टरांनी काही दिलं नाही असं आईंना वाटतंय, पण तीन वस्तू काढून घेतल्या, तेच औषध आहे.

सोमवारी विचारा: प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय का ते बघणाऱ्या एएनए, आयजीजी ह्या रक्ततपासण्या केल्यात का, बायोप्सी लागेल का. आणि वाट न बघता उचलून न्यायचं ते कधी, तर आई असंबद्ध बोलायला लागल्या, दिवसा झोपून रात्री जाग्या राहायला लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा आयएनआर १.५ झाला तर. तेव्हा इथे लिहीत बसू नका.

आणि कॅप्सूल सुरू केल्यावर आकडे उतरले तर श्रेय बाटलीला, चढले तर दोष गुळवेलीला. डॉक्टरांना काहीच कळणार नाही. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे.


वैद्य, पाचपाखाडी

ताईंचं बहुतेक पटतंय. थोडं आमच्या बाजूने.

गुळवेल रोज, वर्षानुवर्षं, रिकाम्या पोटी, कुणी न तपासता, हे कुठल्या वैद्याने सांगितलं होतं? व्हॉट्सअॅपने सांगितलं. शिवाय ग्रिलवरची वेल नक्की कुठली? टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही आपली गुळवेल. टिनोस्पोरा क्रिस्पा दिसायला जवळची, तिच्या खोडावर फोडांसारखे बारीक उंचवटे भरपूर असतात, आणि तिने लिव्हर बिघडल्याच्या नोंदी जुन्या आहेत. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये मुंबईच्या त्या निबंधावर हाच आक्षेप घेतला होता, वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही म्हणून.

पण माझा खरा संशय पुड्यांवर. पुडीने गुडघा आठ दिवसांत हलका झाला असेल तर आत स्टिरॉइड किंवा पेनकिलर कुटून घातलेलं असू शकतं. माझ्याकडे अशा पुड्या घेऊन महिन्याला एखादा पेशंट येतोच. किंवा बावची असेल. कोडावर देतात, लिव्हरला जड आहे हे नोंदलेलं आहे, आणि हल्ली कशातही घालतात. उरलेली पुडी असेल तर फेकू नका, डॉक्टरांना द्या. आणि स्टिरॉइडचा संशय सांगाच, कारण ते अचानक बंद झाल्याचे परिणाम वेगळे बघावे लागतात.

आत्ता लिव्हरसाठी माझ्याकडून काहीही देणार नाही. भुईआवळाही नाही. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, भूक लागेल तेवढंच.


पिंजरेवाली, नौपाडा

वैद्यबुवा, पुड्यांचं तुमचं बरोबर, मी त्याकडे दुर्लक्ष केलं. गुळवेलीबद्दल मात्र एक: आक्षेपानंतर २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, चित्र तेच. सगळीकडेच वेल चुकली असं म्हणणं जड जातं.


निसर्गप्रेमी, कोपरखैरणे

उगाच भीती घालू नका. जपानी लोक रोज शेवाळ खातात आणि जगात सर्वांत जास्त जगतात. फार्मा लॉबीला हे नको असतं.


पिंजरेवाली, नौपाडा

जपानी माणूस सूपमध्ये पान घालून खातो. त्याचा अर्क काढून, कावीळ झालेल्या ६७ वर्षांच्या बाईला सकाळ-संध्याकाळ देत नाही. आणि जपानी हिजिकी शेवाळ खाऊ नका असं ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ मध्येच सांगितलंय, आर्सेनिक सापडलं म्हणून. फार्मा लॉबीने मला पेन्शनसुद्धा दिलेलं नाही, तेव्हा तो आरोप राहू द्या.


खाडीकाठचा, ऐरोली

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

कॅप्सूल दिल्या नाहीत. सोमवारी डॉक्टरांपुढे बाटली ठेवली. त्यांनी लेबल वाचलं आणि आयएनआर कितीचा आहे ते मलाच विचारलं. ताई, मी तुमचंच वाक्य म्हटलं. एएनए पॉझिटिव्ह आलं, आयजीजी थोडं वाढलेलं. बायोप्सी करायचं ठरत होतं, पण तेवढ्यात आकडे उतरायला लागले, म्हणून थांबले. एसजीपीटी ९१२ वरून आधी ९४०, त्या चार दिवसांत घरात कुणी झोपलं नाही. मग ६१०, ३२०, आणि काल ८८. बिलिरुबिन १.४. पुढचे सहा महिने तपासत राहायचं, काही लोकांचं पुन्हा चढतं म्हणाले.

पुडी एकच उरली होती, देवघराच्या खणात. डॉक्टरांकडे दिली. ज्यांनी आणून दिल्या होत्या त्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, मलाही कुणीतरीच दिल्या.

मावशी आमच्याशी बोलत नाही. बाटली परत केली, पैसे अजून आलेले नाहीत.

वेलीच्या खोडावर फोड नाहीत, वैद्यबुवा. मी उपटणार होतो, आई म्हणाली, तिचा काय दोष, राहू दे. रोज पाणी घालते.


पिंजरेवाली, नौपाडा

बरं झालं. आता एक काम करा. ह्याची नोंद करा. औषधाच्या दुष्परिणामांचा १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे, पेशंटने भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. काढा-पुडीचंही त्यांना सांगा. नोंदच झाली नाही तर पुढच्या वेळी पुन्हा सगळे म्हणतील की हजारो लोक घेतात, कुणाला काही होत नाही.


खाडीकाठचा, ऐरोली

भरला. संशयित औषधाच्या रकान्यात गुळवेल, हळद, मिरी लिहिलं. पुडीचं नाव काय लिहायचं कळेना, आई म्हणाली "गुडघ्याची" लिही. तेच लिहिलंय.